जपानी शेवया आणि माझा घसा

सहा वर्षं झाली. ही गोष्ट मी बहिणीपाशी काढली नाही, नवऱ्यापाशी काढली नाही, आणि एकदा देवापाशी काढायला गेले तर तिथूनही तशीच परत आले. आज लिहून बघते. बोलण्यापेक्षा लिहिणं बरं — कागद मध्येच तोंडाकडे बघत नाही.

मी चौथी शिकलेली आहे. आमच्या गावी शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवीला नाला ओलांडून जावं लागायचं, म्हणून मी चौथीवरच थांबले. पण अक्षर बरं आहे. ही वही माझ्या सुनेची, प्रणालीची आहे. ती नर्स आहे, तिच्या शिकण्याच्या वेळची वही. पुढच्या पानांवर हाडांची चित्रं आहेत आणि मागची पानं कोरी. मी मागून लिहिते आहे. दुपारी घरात कुणी नसतं. लिहून झालं की वही तांदळाच्या ड्रममागे जाते.

मला बोलता येत नाही असं नाही. चार माणसं बघत असली की शब्द आतच राहतो, एवढंच. लग्न होऊन पोंभुर्ण्याजवळच्या ह्या गावात आले तेव्हा सासरच्यांना वाटलं, मुकी पोरगी गळ्यात मारली. आठ दिवस वाट बघून सासूबाईंनी माझ्या दंडाला हळूच चिमटा काढला. मी "आई गं" म्हटलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

तर सांगायचं ते — नाही, आधी सुरणाचं सांगते. सुरण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि खरं सांगू? थोडं लांबवतेही आहे.

माझं माहेर आलापल्लीच्या पलीकडे, सागाच्या जंगलात. तिथे सुरण बाजारातून येत नाही, जमिनीतून उकरून काढतात. जंगली सुरण म्हणजे महाखाजरा. हाताला तेल लावून चिरायचा, चिंचेच्या पाल्यात उकळायचा, पाणी फेकायचं, राखेच्या पाण्यात पुन्हा उकळायचा. एवढं करूनही भरवसा नाही. एकाच जागी निघालेले दोन कंद — एक लोण्यासारखा, आणि दुसरा घशात अशा सुया टोचतो की माणूस दिवसभर आ करून बसतो.

म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. जिनं शिजवलं तिनं पहिला घास खायचा, सगळ्यांसमोर. मग हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. चुलीवर चहाचं पाणी ठेवतात, ते उकळेपर्यंत बसायचं. तोवर कुणी ताटाला हात लावत नाही. पाणी उकळलं की ती सांगते. "खाजत नाई" म्हणाली की सगळे खातात. "खाजते" म्हणाली की भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, उचलायचा आणि शेणखताच्या खड्ड्यात रिकामा करून यायचा. खरंच खाजतं का, म्हणून कुणी विचारत नाही. चाखून बघत नाही. एकीचा घसा गेला तेवढा पुरे, दुसऱ्याचा कशाला घालवायचा?

एकदा पाहुणे ताटावर बसलेले, घरात दुसरी भाजी नाही, आणि आईनं "खाजते" म्हटलं. बाबांनी मुकाट्यानं गंज उचलला. पाहुण्यांनी मिठासोबत भात खाल्ला आणि उलट आईलाच म्हणाले, तुम्ही चिंचेचं पाणी प्या, आमची काळजी करू नका. त्या जागेवर बसून खोटं कुणी बोलत नाही. बोलेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

सासरी हा नियम मी आणला. आधी सगळे हसले. मग माझ्या भावानं आणलेल्या सुरणानं एकदा एका पाहुण्याला, माझं न ऐकता आधीच तुकडा तोंडात टाकला म्हणून, चांगली अद्दल घडवली. तेव्हापासून ह्या घरात सुरण शिजला की सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. एरवी आमचे हे माझं काही ऐकत नाहीत. मी गाय डावीकडे बांधा म्हटलं तर उजवीकडे बांधतात. पण सुरणाच्या दिवशी हात बांधून बसायचे, पोरासारखे. ह्या घरात माझा शब्द चालायचा तो तेवढ्या एका जागी.

आता ह्यांचं सांगते. ह्यांना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा. तुम्हाला माहीत असेल-नसेल, आमचा भाग धानाचा. इथे भात म्हणजेच जेवण. आमचे हे चार पोळ्या खाऊन म्हणायचे, "हं, नाश्ता झाला. आता जेवाले वाढ." प्रणालीनं भात एका लहान वाटीवर आणला. ती वाटी ताटात दिसली की हे तिच्याकडे असे बघायचे जसं कुणी वारलं आहे. भात संपल्यावर वाटी पालथी करून बघायचे, खाली काही राहिलं का.

एकदा तर जेवता जेवता डोळ्यांतून पाणी आलं. ठेचा तिखट होता म्हणाले. ठेचा मी केला होता. तिखट नव्हता.

प्रणालीला हे बघवेना. ती रोज ड्यूटीवरून आली की फोनमध्ये शोधत बसायची — भातासारखं काही आहे का, जे खाल्लं तरी शुगर वाढत नाही. त्यात तिला ह्या जपानी नूडल्स सापडल्या. कंदाच्या पिठाच्या. पोट भरतं, म्हणाली, पण अंगाला काही लागत नाही.

ह्यांनी विचारलं, "अंगाले काईच लागत नाई, तं मंग खायाचं काऊन?"

"बाबा, तुमच्या अंगाले लय लागून बसलं आहे," ती म्हणाली. "आता थोडं नाई लागलं तं चालते."

तिनं मागवल्या. पाकिटं चंद्रपूरला आली, माझ्या मुलानं तिथून आणली. पाच पाकिटं. रविवार होता. पहिलं पाकीट फोडलं आणि घरभर वास सुटला — मासळीचा. पाण्यात बुडवलेल्या होत्या त्या, लांब, पांढुरक्या, आरपार दिसणाऱ्या. पावसाळ्यात अंगणात निघतात ना गांडुळं, ती आजारी पडली तर अशी दिसतील.

कमला — माझी धाकटी जाऊ — भिंतीला भिंत लागून राहते. तिचं घर तिकडे असलं तरी नाक आमच्याकडे असतं. लगेच आली. "बाई, झिंगे आणले का वं? आमाले सांगतलंही नाई!"

"झिंगे नाई काकू, जपानच्या शेवया आहेत," प्रणाली म्हणाली.

कमलानं पाकिटात डोकावून बघितलं. "मेल्या आहेत का जित्या आहेत ते तं बघून घे पोरी."

पाकिटावर सगळी अक्षरं परकी होती. पण कोपऱ्यात एका कंदाचं चित्र होतं. काळपट, गोल, वर खड्डा. मी ते बघितलं आणि — माझा मलाच विश्वास बसत नाही अजून — कुणी न विचारता, चार माणसांत, मोठ्यानं बोलले. "हा तं सुरण आहे."

सगळे गप्प झाले. मी बोलले म्हणून. प्रणालीनं फोनमध्ये बघितलं, आणि ओरडली, "आई! बरोबर! सुरणाच्याच घराण्यातला आहे!" मग मुलाला सांगितलं, कमलाला पुन्हा सांगितलं, रस्त्यानं जाणाऱ्या तिच्या मैत्रिणीला थांबवून सांगितलं — आमच्या आईले जपानचा कंद ओळखता येते. मी पदर तोंडाला लावून हसत होते. असं कौतुक माझं कधी झालं होतं? सकाळचे दहा वाजले असतील. तोवर तो दिवस माझा होता, हे लक्षात ठेवा.

मग ती म्हणाली, "आज रांधते मी. तुम्ही बसा."

मला लसूण सोलायला दिला.

तिनं काय काय केलं ते मी लसूण सोलता सोलता बघितलं. त्या नूडल्स चाळणीत घालून तीन पाण्यांनी धुतल्या. उकळल्या. मग कोरड्या तव्यावर टाकल्या, तेलाचा थेंब नाही, आणि सराट्यानं — आमच्याकडचं उलथनं — हलवत राहिली. त्या चुईं चुईं असं ओरडायला लागल्या. कमला दोन पावलं मागे सरली — "म्या म्हटलं होतं, जित्या आहेत!" ओरडणं थांबेस्तोवर भाजल्या तिनं. मासळीचा वास गेला. मग खोबरं, कांदा भाजून लाल रस्सा केला, त्यात त्या सोडल्या आणि वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकला.

वास — काय सांगू. वास चांगला होता.

हे बाहेर ओसरीवर बसले होते. आत आले. "झालं का?" बाहेर गेले. पुन्हा आले. झाकण उचलून बघितलं. तिसऱ्यांदा आले आणि चुलीजवळ पाटच घेऊन बसले. लग्नाला तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती आमच्या. बत्तीस वर्षांत जेवायला बसण्याखेरीज हे स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही आले नव्हते, बाहेरूनच हाक मारायचे. आणि नाक वर करून, डोळे मिटून म्हणाले, "पोरी, तुझ्या हाताले चव आहे."

बस. एवढंच म्हणाले.

अजून तिनं ताट वाढलंही नव्हतं. चव घेतलीच नव्हती तर चव आहे हे कळलं कसं? माझ्या हाताला चव आहे का नाही, हे मला बत्तीस वर्षांत कळलेलं नाही. मला एवढंच कळायचं की मीठ कमी आहे. मीठ बरोबर असलं की काहीच कळायचं नाही.

लसणाची साल माझ्या नखात गेली होती, ती मी काढत बसले.

सगळे ताटावर बसले. प्रणालीनं गंज मध्ये ठेवला, आणि ताटलीत दोन घास घेऊन माझ्यापुढे सरकवली. "आई, आपला नियम. सुरणाच्या घराण्यातलं आहे ना. पहिला घास तुमचा."

नियमानं शिजवणारी ती होती, घास तिचा होता. मी मान हलवून तिच्याकडे बोट दाखवलं. तर ती म्हणाली, "मले काय समजते त्यातलं? तुम्ही म्हणाल ते खरं." असं म्हणाली. तुम्ही म्हणाल ते खरं. आणि स्वतः उठून चहाचं पाणी ठेवलं.

मी खाल्लं. शेवयांना स्वतःची चव नव्हतीच, थोडं रबरासारखं लागायचं, दातांखाली कचकच. पण रस्सा त्यांनी असा धरून ठेवला होता की — चांगलं झालं होतं. मी असं कधी केलं नव्हतं. मला करता आलं नसतं. घसा? घशाला काहीही झालं नव्हतं. लोण्यासारखं खाली गेलं.

हात मांडीवर ठेवून बसले. पाणी तापत होतं. हे माझ्याकडे बघत होते. खरं तर माझ्याकडे नाही, माझ्या घशाकडे. बोटं ताटावर आलेली, तोंडाला पाणी सुटलेलं, महिनोन्‌महिने वाटीभर भातावर काढलेला माणूस. मुलगा बघत होता. कमला दारात. प्रणाली चुलीपाशी उभी, तिचा चेहरा — शाळेत पेपर तपासून येतात ना बाई, तेव्हा पोरांचा असतो तसा.

पाणी उकळलं.

मी म्हटलं, "खाजते."

झालं. हेच ते. काऊन म्हटलं? मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. ठरवून म्हटलं का? नाही. चुकून निघालं का? तेही नाही. तोंडात दोन्ही शब्द तयार होते आणि मी त्यातला हा उचलला. आणि शब्द बाहेर पडला त्या क्षणी, ह्यांचा चेहरा पडला त्या क्षणी — हे लिहायला लाज वाटते — मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं किती टिकलं असेल? गंज उचलेपर्यंतही नाही. कारण मी विसरले होते की माझी सून नर्स आहे.

माहेरी "खाजते" म्हटलं की चिंचेचं पाणी देतात आणि सोडून देतात. प्रणालीनं मला सोडलं नाही. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "आई, जीभ काढा. श्वास घ्याले जड होऊन राह्यलं का? ओठ सुजल्यासारखे वाटतात का?" आता काय करायचं? मी दोन्ही हातांनी गळा धरला. खोकले. एकदा खोकलं की पुढचं खोकणं भागच पडतं. खोकून खोकून चेहरा लाल झाला, आणि चेहरा लाल झाला म्हणून ती आणखी घाबरली.

"काऊन वं, मरतं का काय?" हे ओरडले. खरं सांगते, त्या आवाजात काळजी होती. माझ्यासाठी.

मुलानं मला गाडीवर मध्ये बसवलं, प्रणाली मागे बसली, आणि थेट तिच्या दवाखान्यात. इंजेक्शन. मग दुसरं इंजेक्शन. त्यानं मला अशी झोप आली की रविवारची दुपार गेली ती सोमवारी सकाळीच परत आली. आणि तीन दिवस मी घोगऱ्या आवाजात बोलले. मुळात मी बोलतेच किती? तरी जे बोलले ते घोगरं बोलले.

घरी काय झालं ते कमलानं सांगितलं. आम्ही निघाल्यावर नियमाप्रमाणे ह्यांनी स्वतः गंज नेऊन खड्ड्यात ओतला. बाकीची चार पाकिटंही फोडून ओतली. कमलाच्या कोंबड्या धावल्या आणि सगळ्या जपानी शेवया ओढून ओढून फस्त केल्या. हे खड्ड्याच्या काठावर उभे राहून बघत होते. बराच वेळ. मग म्हणाले, "कोंबड्याइले काऊन नाई खाजत?"

माझं तिथेच आटोपलं असतं. पण कमला म्हणाली, "भाऊजी, कोंबडीले खाजलं तं ते सांगंल कशी?"

आणि ह्यांना पटलं. आयुष्यात पहिल्यांदा कमलाचं म्हणणं ह्यांना पटलं.

पुढची शिक्षा मात्र मला बसली, आणि ती अजून चालू आहे. प्रणालीनं एका कागदावर लिहून माझ्या आधार कार्डासोबत ठेवलं — हिला अमुक कंदाची ॲलर्जी आहे. मग ती म्हणाली, त्याच घराण्यातला म्हणून सुरण बंद. सुरण! जो मी लहानपणापासून खात आले, ज्याच्यासाठी मी भावाची वर्षभर वाट बघते, तो बंद. मग धोप्याची, म्हणजे अळूची, पानं बंद, तीही नात्यातली निघाली. मग रताळी, उगाच जोखीम नको म्हणून. आलूवर घरात वाद झाला. हे म्हणाले, आलू कंद नाई, आलू भाजी आहे. ह्यांनी माझी बाजू घेतली असं समजू नका, ह्यांना आलू आवडतो. तरी आलू वाचला.

महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला गेलो होतो. मी ठरवून गेले होते, की देवाला सांगून टाकायचं. मनातल्या मनात सांगायचं, त्यात काय लाजायचं? पण रांगेत माझ्यामागे प्रणाली होती. मी हात जोडले, डोळे मिटले, "देवा, त्या रविवारी —" एवढं मनात म्हणते तोवर तिनं कानाशी तोंड आणलं. "आई, बाहेर खिचडी वाटून राह्यले. घेऊ नका, साबुदाणाही कंदाचाच असते." मागून लोकांनी ढकललं. देव पुढे गेला, म्हणजे मी पुढे गेले. उपासाचं म्हणून जे जे होतं ते सगळं जमिनीखालचं होतं. त्या दिवशी मी वैनगंगेच्या काठावर बसून चार केळी खाल्ली आणि देवाकडे पाठ करून बसले.

हसू येतं ना? मलाही येतं. इथपर्यंत येतं.

त्या रविवारनंतर प्रणालीनं काही नवं रांधलं नाही. फोनमध्ये शोधणं बंद केलं. एकदा मुलानं विचारलं, आणखी काही मागवायचं का बाबांसाठी, तर ती म्हणाली, "नाई. आईले माझ्या हातानं मारलं असतं त्या दिवशी." त्यानंतर ती चुलीपाशी पाहुण्यासारखी उभी राहायची. हे घालू का आई, ते घालू का आई. मीठ घालायच्या आधीही विचारायची. घर पुन्हा माझ्या हातात आलं. जे हवं होतं ते मिळालं, नाही का?

आणि हे? एवढ्या आशेनं बसलेल्या माणसाच्या पुढून गंज उचलला गेला — त्याला उचलावा लागला — त्यानंतर ह्यांनी वाटी मोडली. म्हणजे खरोखर मोडली, दगडावर आपटून. ताटभर भात मागायला लागले. आणि मी वाढत गेले. प्रणाली ड्यूटीवर असताना. "तुझ्या हातचा भात तो भात," असं एकदा म्हणाले. तेव्हा मी आणखी एक पळा वाढला.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. जखम भरेना. हे सगळ्यांना हसून सांगतात, चप्पल ढिली झाली म्हणून. ते बोट भातानं गेलं का, त्या शेवया मिळत राहिल्या असत्या तर राहिलं असतं का — मला माहीत नाही. डॉक्टरांनाही विचारता येत नाही, कारण विचारायचं तर सगळंच सांगावं लागेल. प्रणालीला मात्र वाटतं की तिला माहीत आहे. ऑपरेशनच्या दिवशी बाकावर माझ्याशेजारी बसून म्हणाली, "आई, मी नर्स असून माझ्या घरातल्या माणसाचं एक बोट नाई वाचवू शकली." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवायला मला लाज वाटली नाही. आता लिहिताना वाटते.

हे सगळं आज लिहायला का बसले, ते सांगते.

गेल्या महिन्यात माझा भाऊ आला. जंगली सुरण घेऊन आला. ह्यांना एखादी फोड चालते म्हणून प्रणाली म्हणाली, मी करते, तुम्ही लांबून सांगा. मला हात लावू देईना, वाफही लागू नये म्हणून ओसरीवर बसवलं. मी बाहेरून सांगत होते — तेल लाव, पाला टाक, पाणी फेक, आता राख. माझ्यासाठी तिनं वेगळी भेंडी केली होती. सहा वर्षं झाली, घरात सुरण शिजला की माझ्यासाठी वेगळी भाजी असते. आधी माझी करते, मग बाकीच्यांची.

सगळे बसले. तिनं पहिला घास घेतला. हात मांडीवर ठेवले. ह्या खेपेला चहाचं पाणी मी ठेवलं.

पाणी उकळायच्या आधीच मला कळलं. तिचे डोळे भरले होते. पण तिनं गळा धरला नाही. खोकली नाही. आधी हात पुढे करून गंज स्वतःकडे ओढून घेतला, कुणी चुकून खाऊ नये म्हणून. पाणी उकळेस्तोवर तशीच बसली. मग हळूच म्हणाली, "खाजते." खरं खाजलेलं माणूस असं सांगतं. मी केवढा तमाशा केला होता, ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या आईनंही असंच हळू सांगितलं होतं — मी विसरूनच गेले होते.

ह्यांनी गंज उचलला. कुणी काही विचारलं नाही.

मी तिला चिंचेचं पाणी दिलं. ओठ सुजले होते तिचे. दोन घोट घेतले, गुळणी केली, आणि माझ्याकडे बघून तुटक तुटक म्हणाली, "आई — तेव्हा तुम्हाले — असंच झालं होतं का?"

घरात आम्ही दोघीच होतो. हे खड्ड्याकडे गेले होते, मुलगा आणि माझा भाऊ त्यांच्या मागं. कमलाही दारात नव्हती. चार माणसं बघत नव्हती. एकच बघत होतं.

मी म्हटलं, "हो. असंच."

तिनं माझा हात घट्ट धरला. "लय सोसलं तुम्ही," म्हणाली.

मग तिनं माझं ताट वाढलं. मी भेंडी खाल्ली. चांगली झाली होती. मी ते तिला सांगितलं नाही.